अकरा नंबरचा डोळा

"अकरा नंबर पुन्हा बघितलास?" सरांनी दारातूनच विचारलं.

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली. पडद्यावरून तिची नजर हलेना.

डोळ्यांच्या दवाखान्यात तळमजल्यावर तिचं काम एकच. नव्या कॅमेऱ्याने डोळ्याच्या आत टिपलेलं चित्रण पाहायचं आणि पांढऱ्या पेशी मोजायच्या. अभ्यासासाठी बारा माणसं आली होती. नावं नाहीत, नुसते नंबर. बाकीच्यांच्या डोळ्यांत सगळं निवांत होतं. पेशी रक्ताबरोबर यायच्या, निघून जायच्या.

अकरा नंबरात मात्र त्या रेंगाळत होत्या. रक्तवाहिनीच्या भिंतीला लागून घरंगळायच्या, चिकटून बसायच्या, मग बारीकशा फटीतून अंग चोरून थेट दृष्टिपटलात उतरायच्या. परवा नऊ होत्या, आज एकेचाळीस. शरीराची राखण करायची त्यांनी, आणि इथे कुंपणच शेत खात होतं.

"सर, याला कळवलं का? आठ दिवसांत नजर अंधूक होईल याची. झालीही असेल."

"कळलंय त्याला."

"मग औषध?"

"हातातली कामं उरकली की घेतो म्हणतो."

"डोळ्यांपेक्षा मोठं असं काय काम असतं हो?"

सर जरासे हसले. "ऐकणाऱ्यातला नाही तो. तू घरी जा. उद्या आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ना? त्यांना म्हणावं, पहिला नंबर तुमचाच."

ऑपरेशनची तिला धास्ती नव्हती. गेल्या तीस वर्षांत सरांचा हात चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आईने तर हटूनच त्यांच्यासाठी चार महिने वाट पाहिली होती.

जीव खालीवर होत होता तो या अकरा नंबरपायी. ती उठली, दोन पावलं गेली, परत येऊन बसली.

"सर, हा माणूस गाडी चालवत असला तर? स्वतःचं जाऊ दे, दुसऱ्या कुणाचा घात करून बसेल."

"तू घरी जा म्हटलं ना," सर म्हणाले.

तिने कपाट उघडून वही काढली. अकराच्या पुढे फक्त एक फोन नंबर होता. टेबलावरचा फोन ओढून तिने आकडे दाबायला सुरुवात केली.

"नियम मोडतेयस," सर शांतपणे म्हणाले.

"मोडू दे."

"ठेव तो फोन."

तिने शेवटचा आकडा दाबला.

सरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात फोन वाजू लागला.