भिंतीतला समुद्र

हॉलच्या भिंतीला भगदाड पडलं आणि धुळीचा लोट थेट दीपमालाच्या वरणाच्या फोडणीत येऊन बसला. पदरानं नाक झाकून ती बाहेर आली. तिचा नवरा रत्नदीप त्या भगदाडासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर माणूस, पण आख्खं धरण बांधून झालं तेव्हाही तो इतका खूश दिसला नव्हता.

"इथून इथपर्यंत काच," तो हात पसरून म्हणाला. "मागच्या खोलीत पंप आणि पाणी थंड ठेवायचं यंत्र. आतमधी खरे प्रवाळ, समुद्रातले मासे. वर्ध्यात कोणाकडेच नाई."

"वर्ध्यात समुद्र नाई म्हणून कोणाचं अडून राह्यलं होतं?" दीपमालानं विचारलं.

अडलं होतं, आणि कुठं ते तिलाही ठाऊक होतं. या कॉलनीत बंगला बांधून सहा वर्षं झाली होती. शेजारी वाईट होते असं म्हणायला जागा नव्हती. फाटकाशी हसून बोलत. 'या ना आत' म्हटलं की 'येऊ ना निवांत' म्हणत. तो निवांतपणा सहा वर्षांत एकालाही मिळाला नाही. दार उघडलं की समोर बुद्धाची मूर्ती दिसे, आणि मूर्ती दिसली की लोकांना घरची कामं आठवत. दीपमाला मग डबे पाठवी. कधी कोथिंबिरीच्या सांबारवड्या, कधी शेवयांची खीर. डबा घासूनपुसून लख्ख होऊन परत येई, सोबत 'मस्त झालं होतं' असा निरोपही येई. काय मस्त झालं होतं, ते मात्र कोणी सांगत नसे. तिला फार लागायचं ते. आपल्या हातचं एखाद्यानं आपल्यासमोर बसून खावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मुंबईला एका मित्राकडे रत्नदीपनं अशी भिंतीत बसवलेली टाकी पाहिली होती. पाहुणे तिच्यासमोरून हलेनात, तिथंच बसून जेवले. तेव्हापासून हे भूत त्याच्या डोक्यात शिरलं होतं. माणसांसाठी येत नाहीत ना, माशांसाठी तरी येतील.

मग काय, उन्हाळा लागेपर्यंत घराचा कारखाना झाला. एवढं पाणी साध्या विटांना पेलणार नव्हतं आणि खाली काळी माती, तिचा काय भरवसा. म्हणून वेगळा पाया खणून काँक्रीटचा ओटा उचलला. बोटभर जाडीची काच ट्रकमधून आली. मिठाची पोती आली. समुद्रातले दगड आले, तेही म्हणे जिवंत. बरं, लगेच मासे सोडायची सोय नाही. पाणी आधी लोणच्यासारखं मुरू द्यावं लागतं. ऑफिसातून आला की रत्नदीप त्याचा खारटपणा मोजत बसे. लोडशेडिंगचे दिवस, म्हणून जनरेटर बसला. माणसं घामाघूम आणि टाकी गारेगार, असा सगळा तमाशा.

मासे आले, तसे पवनारहून रत्नदीपचे वडील चिंधूजीही आले. टाकीसमोर खुर्ची ओढून बराच वेळ पाहत बसले.

"पेता येते का रे हे पाणी?"

"नाई बाबा. खारं आहे."

"मंग बरं हाय," म्हातारा म्हणाला. "इटाळलं म्हणून कोणी बोंबलनार नाई."

रत्नदीपचा चेहरा उतरला. "ते दिवस गेले आता, बाबा." दीपमालाला वाटलं, खरंच गेले असावेत. गेलेच पाहिजेत, किती दिवस राहतील?

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी तिनं सगळ्या कॉलनीला बोलावलं. नवल म्हणजे सगळी कॉलनी आली. समोरच्या बंगल्यातले प्रभाकरराव, कापसाचे मोठे अडते, सून रीताला घेऊन आले. दारातला चपलांचा ढीग पाहून दीपमालाला भरून आलं. आत निळ्या उजेडात प्रवाळ डुलत होते, नारिंगी पट्ट्यांचे मासे त्यांच्यात शिरत होते आणि माणसं काचेला नाक लावून उभी होती. रत्नदीप एकेकाला समजावून सांगत होता. त्याचा इतका मोकळा आवाज तिनं या घरात कधी ऐकला नव्हता.

ती खिरीच्या वाट्या घेऊन आली. प्रभाकररावांचा पौर्णिमेचा उपास निघाला. रीताला गोड चालत नव्हतं. कोणी आत्ताच जेवून आलं होतं, कोणाची दाढ ठणकत होती. बरं, खीर राहू द्या, म्हणून तिनं माठातलं वाळ्याचं पाणी आणलं. बाहेर मे महिना भट्टीसारखा पेटला होता. भरलेले पेले ट्रेमध्ये होते तसेच राहिले. त्या संध्याकाळी आख्ख्या वर्ध्यात कोणालाच तहान नव्हती.

आतून ती संतापली होती. तरी तिनं तोंडावरचं हसू ढळू दिलं नाही. आले तर खरे, ती स्वतःला समजावत होती. आज आत आले, उद्या बसतील, परवा पाणी घेतील. एवढ्यावरच तिचा जीव टांगलेला होता.

प्रभाकरराव निघाले. रत्नदीप आणि ती त्यांना सोडायला दारापर्यंत गेली. चपला घालता घालता त्यांनी मागं वळून त्या उजळलेल्या काचेकडे पुन्हा कौतुकानं पाहिलं. माणूस मनापासून बोलत होता, त्यात खोट नव्हती. खोट असती तर बरं झालं असतं.

"साहेब, काम एक नंबर झालं," ते म्हणाले. "फक्त भिंत चुकली तुमची. रस्त्याकडच्या भिंतीले लावली असती, तं सगळ्यायले बाहेरूनच दिसलं असतं. आत यायची पाळीच आली नसती कोणावर."