एका तासाची साक्ष

साक्षीदाराची आठवणच डोक्यातून उतरवून साठवणाऱ्या साक्षकेंद्राच्या खिडकीत दत्ताराम पाटोळेंनी अर्ज सरकवला, तेव्हाच खिडकीमागच्या हेमांगीच्या मनात पाल चुकचुकली. आठवणीची लांबी त्यांनी एक तास लिहिली होती, कारखान्यातली रसायनाची टाकी फुटली तो तास. पण डोक्यावर तारांची टोपी चढवताना ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

अर्जातल्या आकड्यावर हेमांगी विसंबत नसे. शेजारच्या जिल्ह्यात एका साक्षीदाराची आठवण संपता संपेना, जागा भरून सर्व्हर बंद पडला आणि आधीच्या सगळ्या साक्षी पुसल्या गेल्या. म्हणून येणारी आठवण ती स्वतः मोजत बसली. तास भरला तरी ओघ थांबेना. पडद्यावर पाटोळेंची शाळा आली, मग लग्न. तिने तिथल्या तिथे वाट बंद केली आणि आलेलं सगळं पुसून टाकलं.

"काका, सगळा जन्म ओतायला निघालात. कुणी सांगितलं?"

"कारखान्याचे वकील म्हणाले, एवढं केलंत तर मुलीला नोकरीत कायम करू."

"या सर्व्हरमध्ये तुमच्याच सोबत्यांच्या साक्षी आहेत. त्या पुसल्या गेल्या असत्या."

"माहीत आहे." पाटोळे टोपी काढून उठू लागले.

पोलिसांना लावायला उचललेला फोन हेमांगीने न लावता हातातच धरला. "फक्त तो तास द्यायचा असेल, तर पुन्हा बसा."

ते बसले. या वेळीही तिने आकड्यांवरून नजर हलवली नाही. तास भरायच्या आत ओघ आपोआप थांबला. टाकी फुटण्याआधी धोक्याची घंटा बंद करायला सांगणाऱ्या कारखान्याच्या मालकाचा आवाज त्यात स्पष्ट ऐकू येत होता.