नदीतून घरी

आखाती युद्ध सुरू होऊन आठवडे झाले होते. रियाधमध्ये भोंगा वाजला, तशी शालन विषारी वायूच्या धास्तीने चिकटपट्ट्यांनी फटी बुजवलेल्या खोलीत लेकीजवळ येऊन बसली. अमिता इतिहासाचं पुस्तक वाचत होती.

"आई, लिथुआनियाच्या राजाला पोलंडचंही सिंहासन हवं होतं. म्हणून तो ख्रिस्ती झाला. मग त्याने देवराया तोडल्या आणि प्रजेला घोळक्याघोळक्याने नदीत उभं करून बाप्तिस्मा दिला."

"लोकांना विचारलं नाही?"

"नाही."

लांब कुठेतरी स्फोट झाला. दोघीही दचकल्या नाहीत.

"घरी परतल्यावर त्या लोकांनी काय केलं असेल गं?" अमिताने विचारलं.

शालन उठली. दाराची कडी नीट लागल्याची खात्री करून तिने कपाटातल्या साड्यांखालून, इथे बंदी म्हणून लपवलेली गणपतीची तसबीर काढली.

"असंच काहीतरी," ती म्हणाली आणि तिने हात जोडले.