ऑर्विलची तब्येत

"ऑर्विल कसा आहे?" फर्नने विचारलं. नेल्डा अजून नीट टेकलीही नव्हती.

"बराच बरा आहे गं नवरा माझा," नेल्डा म्हणाली. "सकाळी दोन अंडी खाल्ली. आपल्या पायांनी खिडकीपर्यंत गेला. तिथेच बसलाय रेडिओ लावून."

प्रेक्षकांच्या त्या रांगेतल्या आठजणांपैकी कुणीही 'छान झालं' म्हणालं नाही. फर्नचा नवरा वेंडेल पॉपकॉर्न चघळायचा थांबला. पलीकडे कुणीतरी घसा खाकरला.

नेल्डाला राग आला, पण नवल वाटलं नाही. जानेवारीत ऑर्विलने अंथरूण धरलं आणि त्याच आठवड्यापासून एल्डन कॉलेजची पोरं बास्केटबॉलचे सामने जिंकत सुटली. मध्ये हरली ती एकदाच. त्या दिवशी ऑर्विलला जरा हुशारी वाटली म्हणून तो चाकांच्या खुर्चीत बसून सामन्याला आला होता. वीस गुणांनी सपाटून मार खाल्ला. निघताना फर्न त्याचा गाल थोपटून म्हणाली, "आता तू आपला घरीच आराम कर, राजा." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने ऑर्विलच हसला.

ही रांग तशी वेडीच. संघ जिंकत असला की काही म्हणून बदलायचं नाही. जो जिथे बसला तो तिथेच बसणार. वेंडेलच्या तांबड्या स्वेटरला जानेवारीपासून पाणी लागलेलं नव्हतं, आणि ते पुढच्या दोन रांगांना कुणी सांगायची गरज नव्हती. आज शनिवार दुपारचा शेवटचा सामना, तोही घरच्या बंदिस्त मैदानावर. जिंकलं तर एल्डन पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत जाणार. हरलं तर मोसम संपला.

मध्यंतराला एल्डन चौदा गुणांनी मागे होतं.

"खरंच दोन खाल्ली?" फर्नने हळूच विचारलं.

"काय?"

"अंडी."

नेल्डाने रांगेवरून नजर फिरवली. सगळ्यांची तोंडं उतरली होती. याच माणसांनी महिनाभर आळीपाळीने तिच्या दारात गरम जेवण आणून ठेवलं होतं, तिच्या अंगणातला बर्फ उपसला होता. आणि खरं सांगायचं तर जिंकायचं तिलाही होतंच. सव्वीस वर्षं ती वाट पाहत होती.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "नुसती उष्टावली त्याने. रात्रभर धाप लागली होती."

"अरेरे," फर्न म्हणाली आणि तिने नेल्डाचा हात मायेने दाबला. वेंडेलने पुन्हा पॉपकॉर्नमध्ये हात घातला.

उत्तरार्ध सुरू झाला आणि चेंडू टोपलीत पडायला लागला. महिनाभर ज्याला टोपली दिसत नव्हती त्या काटकुळ्या पोराने लांबून एकामागून एक तीन टाकले. चौदाचे पाच झाले, पाचाचे दोन. छप्पर उडेल असा आरडाओरडा. नेल्डाही उभी राहून ओरडली, घसा फाटेस्तोवर ओरडली. मग एकदम तिला आठवलं. आपण काय बोलून बसलो?

तिने खाली बसून घरी फोन लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला गेला.

"ऐकतोयस ना रे?"

"ऐकतोय." आवाज खोल गेलेला. मागे रेडिओ बोंबलत होता. "काय खेळतायत गं पोरं!"

"खिडकीशीच आहेस?"

"नाही. आडवा झालोय. एकदम गळूनच गेलं सगळं. आत्ताच, मध्यंतरानंतर."

"मी निघते. पाच मिनिटांत पोचते."

"खुळी की काय! जागा सोडू नकोस. आज कुणीही..."

पुढचं ऐकू आलं नाही. एल्डन एका गुणाने पुढे गेलं होतं आणि सगळी इमारत हादरत होती. थोड्या वेळाने तीच आरोळी फोनमधून आली, रेडिओतली. त्यानंतर नुसता रेडिओच.

"ऑर्विल? अरे, बोल ना!"

नेल्डा उठली. "सरका. मला घरी जायचंय."

कुणी सरकलं नाही. उजवीकडे वेंडेलचे गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले, डावीकडे बाकीच्यांचे. सगळे समोर बघत होते.

"एक मिनिट राहिलंय, नेल्डा," वेंडेल म्हणाला. "आता नाही उठायचं."

"तो बोलत नाहीये, वेंडेल! खोटं बोलले होते मी, तो बरा होता, दोन्ही अंडी खाल्ली त्याने, ऐकताय ना?"

"हो गं, हो," फर्नने तिला दंडाला धरून खाली बसवलं. मूल झोपवावं इतक्या हळुवारपणे. "बस. त्याच्याचसाठी बस."

शिट्टी वाजली. काटकुळ्या पोराला धक्का लागला होता; त्याला टोपलीवर दोन मोकळे नेम मिळाले. तो रेषेवर जाऊन उभा राहिला. आपलं पोर नेम धरतं तेव्हा इथे कुणी ब्रही काढत नाही. चार हजार माणसं एकदम चिडीचूप झाली. फोनमधला रेडिओही क्षणभराने गप्प झाला.

नेल्डाने फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. एवढ्या शांततेत एका माणसाचा श्वास सहज ऐकू यायला हवा होता.