मागलाईच्या पायऱ्या

"तुम्ही पुढे व्हा, मी मांगून येते," मोहिनी म्हणाली. "वर पोचेपर्यंत माझ्यावर नजर ठेवायची नाही. ठेवली, तं मी तिथूनच असोद्याला परत."

अमृतने मान डोलावली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पायऱ्या तीनशे. नवरा पुढे, बायको मागे, तोंडातून शब्द नाही आणि मागे वळून पाहणं नाही, अशी मागलाईच्या डोंगराची रीतच आहे. नवी जोडपी ती हसत-खिदळत पाळतात. अमृतच्या लग्नाला मात्र नऊ वर्षं झाली होती, आणि त्यातले शेवटचे आठ महिने बायको माहेरी होती.

कारण दोन्ही गावांना ठाऊक होतं. चाळीसगावात अमृतचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान. हात सोन्याचा, पण डोकं वहमी. भर दुपारी शटर अर्धं ओढून तो घरी यायचा आणि आल्या आल्या ओट्यावर पालथे घातलेले कप बघायचा. दोन दिसले की दुसरा कोणाचा? एकदा तो दुसरा कप त्याचाच निघाला, सकाळच्या चहाचा. तरी पुढे दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. जित्याची खोड, दुसरं काय. शेवटी एके दिवशी मोहिनीने पिशवी भरली आणि ती असोद्याला निघून गेली. परवाच्या बैठकीत अमृत चारचौघांत रडला, आईची शपथ घ्यायला निघाला. मोहिनी म्हणाली, शपथ नको, मागलाईचा डोंगर चढून दाखवा. चढलात तर वरूनच तुमच्यासोबत घरी येते.

ही रीत पडली ती भगताच्या गोष्टीवरून. मागलाई देवी आपल्या एका भगतावर प्रसन्न झाली आणि त्याच्या मागोमाग त्याच्या गावी निघाली. अट एवढीच की त्याने वळून पाहायचं नाही. डोंगराच्या माथ्यावर रेती लागली, देवीच्या पैंजणांचा आवाज बंद झाला आणि भगताच्या मनात पाल चुकचुकली. त्याने पाहिलं. देवी होती तिथेच दगड झाली आणि त्याचं गाव कायमचं बिनदेवीचं राहिलं. प्रत्यक्ष देवीच्या बाबतीत जिथे भगताला धीर धरवला नाही, तिथे मोटर दुरुस्त करणाऱ्याची काय कथा.

पहिल्या शंभर पायऱ्या बऱ्या गेल्या. मागून मोहिनीच्या जोडव्यांचा आवाज येत होता. मग वरून एक तरुण उतरत आला, अमृतच्या बाजूने खाली गेला, आणि मागे काहीतरी कुजबुज झाली. जोडवी थांबली. जरा वेळाने पुन्हा वाजू लागली. अमृतच्या मानेला रग लागली. कोण होता तो? ओळखीचा? आणि ही अट तिनेच का घातली? आपले डोळे पुढे, मागे तिला रान मोकळं. तिला नांदायचंच नसेल आणि चारचौघांत आपल्यावर खापर फोडायचं असेल तर? जोडव्यांचा आवाज आता त्याला निराळाच वाटू लागला. ती एकटीच चालतेय, की सोबत कोणी आहे?

अर्ध्या वाटेवरच्या वळणाशी त्याला युक्ती सुचली. भगताच्या काळी ती सोय नव्हती. त्याने खिशातून मोबाईल काढला, कॅमेरा स्वतःच्या तोंडाकडे केला आणि फोटो काढायला धरतात तसा हात उंच धरला. मान सरळच होती. पडद्यावर त्याच्या खांद्यामागे मोहिनी दिसली. चार पायऱ्या खाली, एकटी. डोक्यावर पदर, कपाळावर घाम, हातात ओटीची पिशवी. तिने क्षणभर मान वर केली आणि तिची नजर सरळ समोर लागली. अमृतला वाटलं, ती कळसाकडे पाहतेय.

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. मोबाईल त्याने खिशात कोंबला. बस, आता पुन्हा नाही. बाई उन्हात आपल्यामागे मुकाट डोंगर चढतेय, आणि आपण काय काय रचत बसलो. थोड्या वेळाने मागची जोडवी ऐकू येईनाशी झाली, तेव्हा तो जागीच उभा राहिला. दमली असेल, येईल. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने 'येईल' म्हणून बायकोची वाट पाहिली. बऱ्याच वेळाने जोडवी पुन्हा वाजली, आता सावकाश. मग त्यानेही पावलं हळू टाकली. यापुढे दुपारचं दुकान सोडायचं नाही, हे त्याने उरलेल्या पायऱ्यांवर पक्कं केलं. मन असं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

शेवटची पायरी आली. त्याने घंटा वाजवली आणि हसऱ्या तोंडाने मागे वळला.

मागे एक अनोळखी म्हातारी धापा टाकत उभी होती. मोहिनीच्या हातातली ओटीची पिशवी आता तिच्या हातात होती.

"ही ओटी त्या पोरनी धाडेल शे, भाऊ," ती म्हणाली. "ती अर्धी वाटवरथीनच माघारी गई."

"पण मी वळलो नाही, अक्का," अमृत म्हणाला. "एकदाही वळून पाहिलं नाही मी."

म्हातारीने पिशवी त्याच्या हातात दिली.

"माले काय ठाऊक, भाऊ. तुना मोबाईलमा तिले तिनंच तोंड दिसनं, इतलंच सांगी गई."