बांगड्यांचं तोरण

सहा महिन्यांनी ऊसतोडीवरून घरी आलेल्या सत्यशीलाला आल्या दिवसापासून एकच गोष्ट कुसळासारखी खुपत होती. तिची लेक स्वप्नाली वेणी घालायला काकूकडं, झोपायला काकूकडं, रुसायलाही काकूकडंच. जाऊबाई द्वारका बिचारी म्हणायची, "जा की मायजवळ, मला काय चिटकतीस सारखी?" त्याचाही सत्यशीलाला राग यायचा. आपलीच लेक कुणी आपल्याला उसनी दिल्यासारखं वाटायचं.

चौथ्या दिवशी स्वप्नालीनं पाठीमागं लपवलेलं तोरण तिच्या हातात ठेवलं. जुन्या बांगड्यांना लाल-पिवळी लोकर गुंडाळून केलेलं, खाली घुंगरं लावलेलं.

"माय, हे तुज्यासाठी. मी आन् काकूनं मिळून केलंय."

सत्यशीलाचं काळीज सुपाएवढं झालं. तोरण छातीशी धरून, चुलीपुढं बसलेल्या जावेला ऐकू जाईल अशा बेतानं तिनं विचारलं, "आन् काकूला काय केलंस गं?"

पोरीला नवलच वाटलं.

"काकूला कावून? ती काय पाहुणी हाय?"