सरबताचं गाणं

व्हेनिसच्या ऑपेरात ऑर्सेताच्या एकटीच्या गाण्याला ‘सरबताचं गाणं’ म्हणत. दुय्यम गायिका उभी राहिली, की सज्ज्यांतली मंडळी बर्फाचं सरबत मागवत. वीस वर्षं ती चमच्यांच्या किणकिणाटात गात होती. चमचे एकदा तरी थांबावेत, एवढीच तिची इच्छा. आज गाण्याचा पूर्वार्ध रिवाजाप्रमाणे पुन्हा गाताना तिनं वर्षभर रचलेल्या ताना घेतल्या. चमचे थांबले. शेवटच्या सुरापर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. ती आत येताच नाट्यगृहाचा मालक वितळलेल्या सरबताचा पेला नाचवत आला. “काय गायलीस गं! सगळ्यांच्या सरबताचं पाणी झालं!” “खरंच, मालक?” “मग! त्या ताना कागदावर उतरवून दे. उद्यापासून हे गाणं आपल्या मुख्य गायिका, मोठ्या बाई गातील.” “आणि मी?” “तुला देऊ की दुसरं सरबताचं!” पेला तिच्या हातात देऊन तो गेला. चमचा उचलून ती स्वतःच पेला वाजवत राहिली.